स्नायूंची नावं पाठ, तरी चित्र पोत्यासारखं

पत्र: मी सोलापूरचा, वय २९. एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात जेकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइनं करतो. दिवसभर कॉम्प्युटरवर चौकटी भरायचं काम. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा झाल्या. वर्षभर दर रविवारी दोन तासांच्या लाइफ क्लासला, म्हणजे समोरच्या माणसाला बघून चित्र काढायच्या वर्गाला, जातो. मॉडेल म्हणून कधी तालमीतला पोरगा हाफ पँटवर, कधी नऊवारीतल्या आजी, तर कधी एखादे निवृत्त गिरणी कामगार. सुधारणा होईना म्हणून अ‍ॅनाटॉमीचं (शरीररचनेचं) पुस्तक आणलं, बरेच स्नायू नावानिशी पाठ केले. आता सर म्हणतात, ‘हा माणूस आहे का शेंगांचं पोतं?’ आणखी किती स्नायू पाठ करू? उघडं मॉडेल मिळाल्याशिवाय हे येणारच नाही का? मेडिकल कॉलेजात शवविच्छेदन बघायला मिळालं तर फायदा होईल का? आणि बाकीचे सहा दिवस काय करायचं?

उत्तर:

नमस्कार.

आणखी एकही नाव पाठ करू नका. पुस्तक दोन महिने कपाटात ठेवा. तुमच्या सरांचा शेरा जुनाच आहे. स्नायू दाखवायच्या हौसेनं काढलेल्या चित्रांना चित्रकार लिओनार्दो दा विंचीनं पाचशे वर्षांपूर्वी अक्रोडांचं पोतं म्हटलं होतं. चूक होते ती अशी: पुस्तकातला प्रत्येक स्नायू सारख्याच ठसठशीतपणे छापलेला असतो, आणि आपण तो तसाच प्रत्येक शरीरावर चिकटवतो. खऱ्या शरीरात एका वेळी थोडेच स्नायू कामाला लागलेले असतात. बाकीचे सैल असतात, चरबीखाली असतात, दिसतच नाहीत.

म्हणून सुरुवात हाडांपासून करा. सगळी २०६ नव्हेत. जिथे हाड कातडीच्या लगेच खाली येतं, बोट ठेवलं की टणक लागतं, तेवढ्याच जागा. आरशासमोर बनियन काढून उभे राहा आणि स्वतःच्याच अंगावर शोधा. गळ्याखालचा खळगा. त्याच्या दोन्ही बाजूंना हसळीची हाडं, आणि ती जिथे संपतात ती खांद्याची टोकं. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी वर येणारा मणका. तो मानेतला सातवा. पाठीवर खवाट्याचं, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडाचं, खालचं टोक. पुढून बरगड्यांची कमान. पँटच्या पट्ट्याच्या किंचित खाली, पुढच्या बाजूला डावी-उजवीकडे लागणारी कमरेच्या हाडाची दोन टोकं. मागे कंबरेखालच्या दोन खळ्या. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, जिथे हात सरळ सोडला की मनगट येतं, तिथला हाडाचा उंचवटा. मग गुडघ्याची वाटी, नडगीची पुढची धार, दोन्ही घोटे, कोपराचं टोक, मनगटाच्या करंगळीकडचा गोल उंचवटा.

या जागांचा भरवसा एवढ्याचसाठी की माणूस जाड असो की बारीक, त्या हलत नाहीत. बारीक माणसात तिथे उंचवटा दिसतो. जाड माणसात आजूबाजूची चरबी वर येते आणि नेमकी ती जागा खळीसारखी आत राहते. कोपर आणि कंबरेमागच्या खळ्या बघा, लगेच पटेल. क्लासमध्ये मॉडेल बसलं की रेघ मारण्याआधी यातल्या दिसतील तेवढ्या जागा नुसत्या ठिपक्यांनी कागदावर मांडा. हे मांडून झालं की निम्मी अ‍ॅनाटॉमी झाली.

तुमच्या कामाची एक सवय इथे आडवी येत असणार. जेकार्डच्या डिझाइनमध्ये आकार म्हणजे त्याची कड, आणि कडेच्या आत भरणी. शरीर काढताना कड सगळ्यात शेवटी येते. बाह्यरेषेपासून सुरुवात केली की प्रत्येक फुगवट्यासमोर दुसऱ्या बाजूलाही फुगवटा निघतो, कारण चौकटीत काम करणाऱ्या हाताला समतोल आवडतो. शरीरात तसं जवळजवळ कुठेच नसतं. पोटरी समोरून बघा: बाहेरचा फुगवटा वर, आतला खाली. घोट्याशी हेच उलटं: आतला घोटा वर, बाहेरचा खाली. गुडघ्याच्या वर मांडीचा आतला स्नायू वाटीच्या अगदी जवळ उतरतो, बाहेरचा त्याच्या बराच वर थांबतो. दोन्ही बाजूंची सगळ्यात फुगीर जागा एका पातळीवर आली, तर तिथे चूक आहे असं धरून चाला. नव्वद टक्के वेळा असते.

आता रविवारचे दोन तास. पहिली दहा मिनिटं एकेका मिनिटाच्या दहा पोझ घ्या. त्यात डोक्यापासून भार असलेल्या पावलापर्यंतचा ओघ, खांद्यांची तिरपी रेघ, कमरेची तिरपी रेघ, बस्स. नाक-डोळे काढायला गेलात तर वेळ फुकट. मग तीन मिनिटांच्या चार-पाच पोझ: बरगड्यांचा पिंजरा अंडाकृती, कंबर चौकोनी ठोकळा, आणि दोघांमधली जागा, जी वळते, दबते, ताणली जाते. पिंजरा आणि कंबर कडक आहेत, मधलं पोट मऊ आहे, हे कागदावर दिसलं पाहिजे. एका कुशीला घडी पडली की दुसरी कूस ताणलेलीच असणार.

त्यानंतर वीस मिनिटांच्या दोन पोझ, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. विश्रांतीआधी मॉडेलच्या पावलांभोवती खडूनं खूण करून ठेवा, नाहीतर परत उभं राहताना पाऊल दोन इंच सरकतं आणि अख्खी कंबर बदलते. उभ्या पोझमध्ये मॉडेलला गुडघे ताठ रोखून धरायला लावू नका. तसं फार वेळ उभं राहिलं की चक्कर येते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर हमखास. वाऱ्याची आणि पाण्याची सोय आधी, चित्र मग.

वीस मिनिटांच्या पोझमध्ये पहिली तीन मिनिटं फक्त तोल बघा. गवंड्याचा ओळंबा मिळाला तर उत्तम, नाहीतर दोऱ्याला नट बांधा. गळ्याच्या खळग्यापासून ओळंबा खाली सोडल्यासारखा डोळ्यासमोर धरा. एका पायावर भार असेल तर तो त्या पायाच्या आतल्या घोट्याच्या आसपास पडतो. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर दोन्ही पावलांच्या मध्ये. चित्रात तसा पडत नसेल, तर कितीही सुंदर शेडिंग करा, माणूस पडतोयच.

भार उजव्या पायावर असेल तर कंबर उजवीकडे वर जाते, त्या बाजूचा मांडीचा उंचवटा बाहेर येतो, डावा गुडघा सैल होऊन थोडा खाली-पुढे येतो, आणि तोल राखायला उजवा खांदा खाली उतरतो. विद्यार्थी इथे दोन चुका करतात. एक तर दोन्ही रेघा आडव्या काढतात, किंवा खांदा आणि कंबर एकाच बाजूला तिरपी करतात. शंका आली तर पँटच्या पट्ट्यावर विसंबू नका, तो कसाही बसतो. कमरेच्या हाडाची ती दोन टोकं शोधा. आणि हे पहिल्या तीन मिनिटांतच का? मॉडेल दमतं. पाच-सात मिनिटांत कंबर हळूहळू खाली बसते, खांदा सैल होतो. सुरुवातीला नोंदवलेला कल पुढे बदलायचा नाही, मॉडेल हललं तरी.

मग प्रमाण. साधारण माणूस सात ते साडेसात डोकी उंच असतो. आठ डोकी हा चित्रकारांचा आदर्श. अर्धी उंची बेंबीशी नाही, जांघेच्या हाडाशी येते. ‘मध्य’ बेंबीला धरल्यामुळे पाय आखूड होतात. पंजा हनुवटीपासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत येईल एवढा, पाऊल मनगटापासून कोपराच्या घडीएवढं. नवशिक्याचे हात-पाय नेहमी लहान आणि डोकं मोठं येतं. पेन्सिलीनं मोजताना कोपर ताठ ठेवा आणि एक डोळा मिटा. कोपर जरा जरी वाकलं तरी दर वेळी वेगळं माप मिळतं. मॉडेलपासून अंतर त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी हवं, म्हणजे दहा-बारा फूट. क्लासची खोली लहान असेल तर उभ्या पोझच्या वेळी भिंतीला टेकून बसा. चार-पाच फुटांवरून उभं राहून काढलं की डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात, आणि तुम्ही खरं तेच काढत असल्यामुळे चूक सापडतही नाही.

स्नायू शेवटच्या आठ मिनिटांत, आणि तेही एका पोझमध्ये दोनच ठिकाणी. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: कुठल्या हाडापासून कुठल्या हाडापर्यंत, आणि आत्ता ओढतोय का? नाव आलं नाही तरी चालेल. नमुन्यादाखल कोपर ते मनगट घेऊ, कारण सगळ्यात जास्त वाट इथेच लागते.

डाव्या हाताचा तळवा वर करून टेबलावर ठेवा. उजव्या हाताची बोटं कोपराच्या टोकापासून करंगळीच्या बाजूनं मनगटापर्यंत फिरवा. एक हाड सलग लागतं. आता तळवा पालथा करा. ते हाड जिथल्या तिथे राहतं. अंगठ्याकडचं दुसरं हाड मात्र त्याच्यावरून तिरपं पलीकडे जातं. तळवा वर असताना दोन्ही हाडं समांतर, पालथा असताना एकावर एक तिरपी. म्हणून पालथ्या हातावर वरपासून खालपर्यंत सरळ रेघा मारल्या की तो लाकडी दिसतो. तिथले सगळे आकार कोपराच्या बाहेरच्या अंगाकडून अंगठ्याकडे वळत उतरले पाहिजेत.

मग मूठ वळा, अंगठा वर, कोपर काटकोनात, आणि मनगट टेबलाच्या कडेखाली लावून वर रेटा. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, कोपराच्या चांगला वरून निघून अंगठ्याकडे उतरणारा एक जाड पट्टा टरारून वर येईल. पैलवानाच्या हातात हा न रेटताही दिसतो. तो कोपर ओलांडून खाली येत असल्यामुळे हात बाहेरून कोपराशी बारीक होत नाही. चित्रात मात्र आपण बेटकुळी संपली की लगेच रेघ आत घेतो आणि तिथे हात मोडल्यासारखा दिसतो. आतल्या बाजूचा फुगवटा कोपराच्या आतल्या हाडापासून सुरू होतो आणि बाहेरच्यापेक्षा खाली भरतो. मांस सगळं वरच्या भागात. मनगटाकडे फक्त कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या. म्हणून वर छेद गोलसर, मनगटाशी चपटा. या चपट्या मनगटाची दिशा आधी ठरवा आणि मग वर जा. तळव्याबरोबर मनगट फिरतं, कोपर फिरत नाही.

खांद्याचंही थोडक्यात सांगतो. हात वर उचलला की तो नुसता खांद्याच्या खोबणीतून उचलला जात नाही, खवाटाही फिरतो. साधारण दोन भाग सांध्यातून, एक भाग खवाट्यातून. म्हणजे हात पूर्ण वर गेला, तर १८० अंशांपैकी ६० एकट्या खवाट्याचे. त्याचं खालचं टोक काखेकडे सरकतं, हसळीचं बाहेरचं टोक वर जातं. खवाटा जागच्या जागी ठेवून नुसता हात वर काढला की तो बाहुलीला डकवल्यासारखा दिसतो. छातीचा स्नायू काखेच्या कातडीत संपत नाही; तो खांद्याच्या गोल स्नायूखालून दंडाच्या हाडापर्यंत जातो. काखेची पुढची भिंत त्याची, मागची भिंत पाठीकडून येणाऱ्या स्नायूंची. मध्ये खरीखुरी पोकळी असते, तिथे सावली हवीच.

उघड्या मॉडेलबद्दल. त्याशिवाय येणार नाही, असं नाही. हाफ पँटवरचा तालमीतला मुलगा स्नायूंसाठी पुष्कळ झाला. उलट एकट्या त्याच्यावरच शिकू नका, नाहीतर तुमची सगळी माणसं पैलवान होतील. हाडांसाठी ते निवृत्त गिरणी कामगार जास्त उपयोगाचे: हसळी, बरगड्या, मनगट, नडगी, सगळं उघड वाचता येतं. आणि नऊवारीतल्या आजी बसलेल्या असतील तर कापड बघा. कापड अंगाला वाटेल तिथे टेकत नाही. खांद्याची टोकं, गुडघे, कंबर अशा ठरावीक जागी टेकतं आणि दोन टेकूंमध्ये ताणलं जातं किंवा लोंबतं. चुण्या जिथून पसरतात तिथे खाली हाड आहे. चुण्यांवरून गुडघा शोधायचा सराव करा, साडी आपोआप बसते. तुम्ही कापडाच्याच धंद्यातले, त्यामुळे हे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर दिसावं. पुढे कधी क्लासनं उघडं मॉडेल ठेवलंच तर मॉडेलची संमती, पैसे आणि पोझची वेळ आधी ठरलेली असावी, दार बंद असावं आणि मोबाइल खोलीबाहेर. यात तडजोड नको.

आठवड्याचे सहा दिवस: रोज अर्धा तास पुरे. सोमवारी रविवारची एक पोझ न बघता आठवणीतून काढा. जिथे हात अडेल तेच तुम्हाला येत नाही. तेवढीच यादी करा. मंगळवार-बुधवारी त्या रविवारच्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि आत सांगाडा बसवा: पिंजरा, कंबर, मांडीचं हाड, नडगी, दंड. हा सराव सगळ्यात जड आणि सगळ्यात फायद्याचा. मांडीचं हाड सरळ खाली येत नाही, बाहेरून गुडघ्याकडे तिरपं आत येतं. तुमच्या चित्रात ते मांडीच्या बाहेर डोकावलं किंवा एक मांडी दुसरीपेक्षा लांब निघाली, तर चूक तिथेच सापडली. गुरुवारी तो एकच भाग आरशात बघून काढा. शुक्रवारी-शनिवारी वही घेऊन बाहेर.

बाहेर म्हणजे लांब कुठे नाही. तुमच्याच कारखान्यात धागा तुटला की कामगार मागावर वाकून तो सांधतो. एक हात लांब पुढे, खवाटा बरगडीवरून बाहेर सरकलेला, भार पुढच्या पायावर. रोज डोळ्यासमोर घडतं ते. मालकाला आणि त्या कामगाराला विचारून दोन-दोन मिनिटांची स्केचेस करा. शहराच्या पूर्व भागात दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या हातांसारखा बोटांचा अभ्यास दुसरीकडे मिळणार नाही, पण विचारल्याशिवाय समोर बसू नका, आणि फोटो तर नकोच. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांचे पाय आणि कंबर बघा. एवढी उंच काठी तोलताना धड कसं मागे जातं आणि पावलं कशी फाकतात, तेवढंच टिपा. फोटोवरून काढायची वेळ आलीच तर दहा-बारा फुटांवरून, झूम करून घेतलेला फोटो असावा. जवळून घेतलेल्या मोबाइलच्या फोटोत पुढचा हात भलताच मोठा येतो.

साहित्यावर फार खर्च करू नका. लहान पोझना न्यूजप्रिंट, मोठ्यांना १५ बाय २२ इंची कार्ट्रिज कागद, विलो चारकोल (कोळशाची कांडी) आणि पुट्टी रबर (मळता येणारं मऊ खोडरबर). टोकदार पेन्सिल सध्या घरी ठेवा. ती हातात आली की तुम्ही पुन्हा कड काढायला लागाल. चारकोलची कांडी आडवी धरा, हात मनगटातून नाही, खांद्यातून हलू द्या.

राहिला मेडिकल कॉलेजचा प्रश्न. शवविच्छेदनाच्या खोलीत बाहेरच्यांना सहजी जाता येत नाही आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. आडवं ठेवलेलं, औषधात मुरवलेलं शरीर म्हणजे चपटी झालेली पाठ आणि ताण गेलेले स्नायू. उभ्या, श्वास घेणाऱ्या माणसाबद्दल त्यातून चित्रकाराला फारसं मिळत नाही. सांगाडा मात्र हाताळायला हवा. ओळखीच्या ज्युनिअर कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बहुधा प्लास्टिकचा असतो. सरांकडून पत्र घेऊन एखादी दुपार मागा, आणि तिथे कंबरेचं हाड चारी बाजूंनी काढा, कारण पुस्तकातून ते कुणालाच कळत नाही.

तोवर मटणवाल्याकडून बोकडाच्या फऱ्याचं हाड मागून आणा. त्यावरची उभी धार आणि बाहेरची उथळ खोबण हातात धरून बघितली की माणसाच्या खवाट्याबद्दलचं बरंच कोडं सुटतं. दोन फरक ध्यानात ठेवा: बोकडाला हसळीचं हाड नसतं, त्यामुळे त्याचा फरा बरगडीच्या बाजूला उभा बसतो आणि पाय आपल्या हातासारखा बाजूला पसरत नाही, आणि त्याच्या पुढच्या पायातली दोन हाडं जुळून गेलेली असतात, म्हणून तळवा उलटा-सुलटा करायचा प्रकार त्यात सापडणार नाही. हाड मंद आचेवर तास-दीड तास उकळा, मांस खरवडून काढा, सावलीत वाळवा. पांढरं करायचं तर केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावा. ब्लीचिंग पावडर नको, त्यानं हाड भुसभुशीत होतं.